खडीच्या मागून आलेले स्फटिक

पुण्याजवळ वाघोलीला माझ्या मामाचा खडीचा क्रशर होता. सुरुंग उडाल्यावर दगडात पोकळ्या दिसल्या की मामाच्या कपाळाला आठी पडायची. असला माल खडीला कमअस्सल. कंत्राटदार उचलायला कुरकुर करायचे. मग 1988-89च्या सुमारास त्याच टापूतल्या खाणींत निळं कॅव्हनसाइट निघालं. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले, नखाएवढे, मोरपंखी निळे गोळे. हे खनिज त्याआधी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडलं होतं, तेही किरकोळ. बघता बघता व्यापारी खाणीच्या तोंडाशी येऊन बसू लागले.

हे सगळं केलं पाण्याने. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. निसटू न शकलेल्या वायूने त्यांत पोकळ्या ठेवल्या. भेगांतून पाणी खाली झिरपलं, खोलवर तापलं, आणि दगडातलं कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका विरघळवत पोकळ्यांत आलं. तिथे एकेक ऐवज सोडत गेलं. पोकळी फोडली की बहुधा त्याचा क्रमही वाचता येतो: भिंतीला हिरवट सेलॅडोनाइटचा पापुद्रा, त्यावर ह्यूलँडाइट, स्टिल्बाइट आणि पुष्कळदा सर्वांत शेवटी अपोफिलाइट. लॉमोंटाइट जास्त उष्णतेतला. त्याला कोरडी हवा सोसत नाही. अंगातलं पाणी गेलं की तडकतो, भुगा होतो. मामाने देवघरापाशी ठेवलेला खडा एका उन्हाळ्यात तसाच गेला. मामीने तो केराबरोबर काढला. लॉमोंटाइट, स्टिल्बाइट ज्यात मोडतात त्या झिओलाइट गटाचा हा पाणचट स्वभाव स्वीडनच्या क्रोन्स्टेटने 1756 सालीच टिपला होता: खनिज तापवलं की उकळल्यासारखं फसफसतं.

आपल्याकडे या खनिजांचा इतिहास संशोधकांच्या मागून कमी आणि बांधकामाच्या मागून जास्त चालतो, असं माझं ठाम मत आहे. बोरघाटाची रेल्वे 1863 साली सुरू झाली. तिच्यासाठी डोंगर फोडताना निघालेले नमुने विलायतेच्या संग्रहालयांत गेले. मुंबईची उपनगरं उभी राहू लागली तेव्हा मालाड-कांदिवलीच्या खाणींनी प्रेहनाइट दिला. पुणे फुगलं आणि वाघोलीची पाळी आली. शेतकऱ्याने पाण्यासाठी विहीर खणावी आणि पोकळ्यांच्या मांजऱ्या खडकात अपोफिलाइट लागावा, हे राहुरीजवळ मोमीन आखाड्याला घडलं. सुखेश्वाला, अवासिया आणि गंगोपाध्याय यांनी 1974 साली पश्चिम भारतातल्या या खनिजांवर शोधनिबंध लिहिला, तोवर घाटातली रेल्वे शंभरी ओलांडून गेली होती.

पोकळी कुठे लागणार हे सगळ्यांत आधी कळायचं ते दगड फोडणाऱ्या वडारांना. घणाचा आवाज बद्द आला की ते हात आवरत आणि छिन्नी घेत. मामाच्या खाणीत त्यांना त्याबद्दल वरखर्चाचे चार पैसे मिळत. मुंबईत त्याच तुकड्याची किंमत डॉलरमध्ये सांगितली जाई. संग्रहालयातल्या चिठ्ठीवर खनिजाचं नाव असतं, गावाचं असतं, देणगीदाराचंही असतं. छिन्नीवाल्याचं नाव मी तरी अजून कुठल्या चिठ्ठीवर वाचलेलं नाही.