पापणी बघा, मग बाटली उघडा

गेल्या पावसाळ्यात मामाच्या दोन शेळ्या दगावल्या. डॉक्टर म्हणाले, जंत. पण जंताचं औषध तर सगळ्या कळपाला पाजलं होतं, दर वेळी तेच! मी कोड लिहिणारा माणूस, बग शोधायला बसलो आणि थेट इतिहासात पोचलो.

१९६१ मध्ये थायाबेंडाझोल बाजारात आलं. १९६४ मध्येच त्याला दाद न देणारा हिमोंकस जंत अमेरिकेत मेंढ्यांमध्ये सापडला. हा जंत जठरात बसून रक्त पितो. १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आलं. दक्षिण आफ्रिकेत त्याच दशकात त्याचीही तीच गत. कारण साधं आहे: सरसकट औषध दिलं की फक्त चिवट जंत उरतात, आणि पुढे त्यांचीच पिल्लावळ वाढते.

मग तिथलेच पशुवैद्य फाफा मलान आणि सहकाऱ्यांनी पाच रंगांचा तक्ता आणला, 'फामाचा'. खालची पापणी उलटून बघायची. लाल असेल तर राहू द्या. फिकी, पांढरट पडली तर रक्त कमी, औषध तिलाच.

मामाला फोनवर तक्ता दाखवला. तो म्हणाला, "अरे, पापणी तर आम्ही विकत घेताना बघतोच की! मग पाजताना का नाही बघितली?"