लिटल्टनच्या धक्क्यावर

ऑगस्ट १८९०. न्यूझीलंडच्या लिटल्टन बंदरात तुम्ही धक्क्यावर उभे आहात. इथे हे ऐन थंडीचे दिवस. ऑस्ट्रेलियातल्या जहाजी अधिकाऱ्यांच्या संपाची झळ इथवर पोचली आहे. युनियन स्टीम शिप कंपनीचे खलाशी उतरले, गोदीकामगारांनी माल उचलणं सोडलं, कोळशाच्या खाणीही थांबल्या. तुमच्या डोळ्यांदेखत बाहेरून आणलेली माणसं तुमची पोती वाहू लागतात. संघटना म्हणते, समोर बसून बोला. मालक बसतच नाहीत. नोव्हेंबरात तुम्ही मान खाली घालून कामावर परतता, तर तुमच्या जागी दुसराच उभा.

डोंगरापलीकडे, क्राइस्टचर्चमध्ये, हा पराभव ‘लिटल्टन टाइम्स’चा संपादक पाहतो आहे. विल्यम पेम्बर रीव्ह्ज.

आता १८९४, वेलिंग्टन. संसदेच्या सज्जात बसा. खाली तोच रीव्ह्ज, वय ३७, मजूरमंत्री. वरिष्ठ सभागृहाने आधी नाकारलेली लवादाची सक्ती यंदा त्याने कायद्यात आणलीच. कलमं नीट ऐका. सात कामगार एकत्र आले की संघटनेची नोंदणी होईल. तंटा आधी जिल्ह्याच्या समेट मंडळापुढे जाईल. तिथे मिटला नाही तर लवाद न्यायालयात. तिथे तिघं बसतील: सर्वोच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश, एक मालकांनी सुचवलेला, एक कामगारांनी. निवाडा दोघांनाही बंधनकारक. देशभर लागू होणारा असा सक्तीचा लवाद जगात पहिलाच.

कायद्याच्या लांबलचक नावात तंटे मिटवण्याआधी उल्लेख येतो तो संघटनांना उत्तेजन देण्याचा. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. धक्क्यावर ज्यांच्याशी कोणी बोलायला तयार नव्हतं, त्यांच्यासमोर मालकाला आता यावंच लागेल. त्या बदल्यात नोंदणी केलेल्या संघटनेने संपाचं हत्यार खाली ठेवायचं. १८९०चा हिवाळा सोसलेल्या माणसाला हा सौदा पटला, यात मला नवल वाटत नाही.

पण १९०८मध्ये ब्लॅकबॉलच्या कोळसा खाणीतही उतरा. जेवायला १५ मिनिटं मिळतात. मागणी ३० मिनिटांची आहे. संप होतो, आणि ग्रेमाउथला भरलेलं तेच लवाद न्यायालय संघटनेला ७५ पौंड दंड ठोठावतं. खाणकामगार मागे हटत नाहीत. अखेर कंपनीच नमते, अर्धा तास मिळतो, आणि देशातल्या संघटना नोंदणीतून बाहेर पडण्याची भाषा बोलू लागतात.