शंभर, दोनशे आणि पंचवीस

वाचकांच्या हाती दिवाळी अंक आहे, तेव्हा एका दिवाळी अंकावरच्या खटल्यापासून सुरुवात करतो. १९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली कोर्टात गेली. मुंबई हायकोर्टाने काकोडकरांना २५ रुपये दंड केला. अंकाच्या प्रती नष्ट करण्याचाही हुकूम झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. कामविषयाचा नुसता उल्लेख आला की ते लेखन मुलांच्या हाती देऊ नये, असे म्हटले तर मुलांना कादंबरीच वाचता येणार नाही, केवळ धार्मिक ग्रंथ वाचावे लागतील, अशा अर्थाचे न्यायमूर्तींचे म्हणणे होते.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला हे वाचून बरे वाटले. माझ्यातल्या शाळामास्तरला मात्र अर्धेच समाधान मिळाले. कथा वाचून पोरगा बिघडतो की नाही, एवढेच कोर्टाने पाहिले. पण त्याला जे जाणून घ्यायचे असते ते त्याने कुणाला विचारावे?

त्याआधी कितीतरी वर्षे एका गृहस्थाने हा प्रश्न अंगावर घेतला होता. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे याच मतांपायी नोकरी गेली. 'गुप्तरोगांपासून बचाव' हे त्यांचे पुस्तक आज कुणाच्या कपाटात दिसत नाही. पण तो काळ आठवावा. पेनिसिलिन सर्रास मिळू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. तोवर उपदंश झालेल्याला सोमलाच्या संयुगांची इंजेक्शने महिनोन्‌महिने टोचून घ्यावी लागत. ती कोण घेणार? लाजेने गप्प बसलेला तरुण वैदूच्या पुड्या खाई, मुंडावळ्या बांधून बोहल्यावर चढे आणि दुखणे घरात आणी. ज्या मुलीने उंबरठ्यावरचे माप ओलांडण्यापलीकडे काही केले नव्हते तिला ते भोगावे लागे, आणि कधी तिच्या पोटातल्या बाळालाही.

पदपथावर मिळणाऱ्या पिवळ्या पुस्तकांत हे कधीच नसते. तिथे कुणाला रोग होत नाही, कुणाला दिवस जात नाहीत, कुणी 'नको' म्हटलेच तर तो लाडिकपणा समजायचा. आता ती पुस्तके गेली आणि तोच माल मोबाइलवर फुकट आला; या बाबतीत काही फरक नाही. आठवी-नववीतली पोरे तेच खरे धरून चालतात. कर्व्यांचे सारे लिहिणे मात्र पिवळ्या पुस्तकांनी गाळलेल्या भागाविषयी होते, आणि तेही गणित सोडवावे तसे रुक्ष. (गणिताच्या मास्तरला रंगेल लिहिता येते, यावर माझा तरी विश्वास नाही.)

तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते कर्वे. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. १९३१ साली व्यभिचारावरील लेखासाठी १०० रुपये दंड झाला. अपीलही फेटाळले गेले. १९३४ साली वाचकांच्या खाजगी शंकांना उत्तरे दिली म्हणून पुन्हा खटला भरला. या वेळी वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. दलितांचा प्रश्न खांद्यावर असताना त्यांनी हे बदनाम प्रकरण का घ्यावे, याचे नवल करणाऱ्यांनी त्यांचा युक्तिवाद पाहावा. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, असा सवाल आला तेव्हा त्यांचे म्हणणे पडले की, विकृती म्हणत असाल तर ती ज्ञानानेच जाईल. नाहीतर जाणार कशी? वाचक विचारतात, म्हणून उत्तर द्यावेच लागते.

खटला हरला. दंड २०० रुपये. १९५३ च्या ऑक्टोबरात कर्वे वारले आणि नोव्हेंबरचा अंक हा 'समाजस्वास्थ्या'चा शेवटचा ठरला. पुढच्याच वर्षी सरकारने गुप्तरोगांवरच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा केला. वैदूंच्या तसल्या जाहिराती अजून रेल्वेलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या दिसतात.