तबकडी आणि मैफल

चित्र भिंतीवर राहतें, ग्रंथ कपाटांत राहतो. परंतु गवयानें तंबोरा गवसणींत घातला कीं त्याचें गाणें ऐकणारांच्या आठवणीखेरीज कोठेंच उरत नाहीं, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलों. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले, अल्लादियाखांसाहेब १९४६ सालीं गेले. महाराष्ट्राच्या गायनाला वळण लावणाऱ्या या दोघांचाही आवाज आज आपणांस ऐकावयास मिळत नाहीं. ध्वनिमुद्रणाची कला त्यांच्या हयातींतच हिंदुस्थानांत येऊन पोंचली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही हानि अधिकच बोचते.

ती कला आली १९०२ सालीं. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञानें कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित करून घेतलें. तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटें मावत. तासभर उलगडणारा राग तेवढ्यांत बसवावयाचा, म्हणजे संथ आलापीला फांटा द्यावा लागे आणि लय आरंभापासूनच वाढवावी लागे. तबकडीवर रागाचें सार मिळे. राग सांपडतो कसा, हें मात्र मिळत नसे.

म्हणून तबकडीला नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीमखांसाहेबांची झिंझोटींतली ठुमरी तबकडीवर ऐकून गदगच्या एका मुलाला गाण्याचा ध्यास लागला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. गदगहून विजापुरावरून येणारा लोहमार्ग आमच्या सोलापुराशेजारीं होटगीस येऊन मिळतो. मराठी, कानडी व तेलुगु या तिन्ही भाषा ज्या गांवच्या बाजारांत रोज कानांवर पडतात, त्या गांवाला धारवाडकडचा गवई परका वाटणें शक्यच नव्हतें.

खरा पालट झाला तो चुंबकीय फितीमुळें. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें कॅसेट काढली, आणि पुढें कांहीं वर्षांत तिचें यंत्र मध्यमवर्गाच्या घरांत आलें. काय मुद्रित करावयाचें व काय नाहीं, हें तोंवर कंपनी ठरवीत असे. आतां तें श्रोता ठरवूं लागला. या श्रोत्यानें टिपलेली मैफल ऐकावी. आरंभीं तंबोरे जुळत असतात, तबल्यावर हातोडी पडत असते, मागें कोणी खोकतो. गवई एकाच स्वराकडे तीन वेळां जातो आणि हात हलवीत परत येतो; चौथ्या वेळीं तो स्वर असा कांहीं लागतो कीं सारी बैठक एकदम हलते. पहिल्या तीन वेळांचें अपयश ऐकल्यावांचून त्या चौथ्या वेळेचें मोल कळत नाहीं. एकाच गवयाचा दोन रात्रींचा यमन लागोपाठ ऐकला म्हणजे राग ही घोकलेली वस्तु नसून दर वेळीं नव्यानें करावयाचा प्रवास आहे, अशी खात्री पटते.

हें वेड केवळ आपलेंच नव्हे. अमेरिकेंत १९६५ पासून १९९५ पर्यंत ‘ग्रेटफुल डेड’ नांवाचा एक वाद्यवृंद गाजला. तेंच गीत हे लोक रोज निराळ्या रीतीनें वाढवीत, आणि श्रोते यंत्रें घेऊन त्यांच्या मागें गांवोगांव हिंडत. वृंदानें त्यांना हांकलून न देतां १९८४ सालीं त्यांच्यासाठीं सभागृहांत निराळी जागाच राखून दिली. अट एवढीच, कीं मुद्रणाची देवघेव करावी, विक्री करूं नये. त्यांची ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठांतील मैफल पुढें अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचींत दाखल झाली.

आपल्याकडे सर्वच कलावंतांना हें रुचत नसे. अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाविषयीं फार काटेकोर होत्या. आणि त्यांचीच साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा. तथापि गवयाचा नकार हा त्याचा हक्कच आहे. चोरून केलेल्या मुद्रणाचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु जें संमतीनें झालें, तें आपण नीट राखलें काय?

येथें आमचाच अपराध सांगणें भाग आहे. आमचे एक मामा यंत्र मांडीवर घेऊन मैफलींत बसत. पंचेचाळीस मिनिटांनीं फीत संपे. ती उलटीपर्यंत दोन-चार आवर्तनें हातचीं जात, आणि त्याची हळहळ ते आठवडाभर करीत. १९८८ सालीं, कॉलेजांत असतांना, आम्हीं त्यांच्या एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर चित्रपटगीतें भरून घेतलीं. वेष्टनावर कांहीं लिहिलेलें नव्हतें, ही आमची सबब. मामा रागावले नाहींत. “विलंबित राहिलें ना? मग झालें,” एवढेंच म्हणाले.

सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांवर जातो. माळ्यावर पडलेल्या फिती त्यांत हळूहळू निकामी होतात, आणि वेष्टनावर नांव नसलेली मैफल तर वाजत असूनही हरवलेलीच असते. ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल, त्यांनीं गवयाचें, साथीदारांचें व गांवाचें नांव आणि तारीख आजच लिहून ठेवावी, व ती फीत जाणत्याकडून संगणकावर उतरवून घ्यावी. ती मैफल ऐकलेलीं माणसें आहेत, तोंवरच हें साधेल.

आमच्याकडे ती पहिली बाजू अजून आहे. चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास गवयाच्या आवाजाहूनही मोठी अशी एक “वाहवा” यंत्राच्या अगदीं जवळून ऐकूं येते. ती मामांची. त्यांचें छायाचित्र घरांत आहे; आवाज मात्र तेवढाच आहे. पुढें पांच मिनिटांनीं फीत संपते, आणि द्रुत येत नाहीं.