रणजी करंडक : १९४८-४९चा मोसम

रणजी करंडक या भारताच्या राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धेचा १९४८-४९ हा पंधरावा मोसम. मुंबईने अंतिम सामन्यात बडोद्याचा ४६८ धावांनी पराभव करून करंडक जिंकला. मात्र हा मोसम अजिंक्यपदापेक्षा पुण्यात झालेल्या दोन सामन्यांसाठी ओळखला जातो. डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. मार्च १९४९ मध्ये मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील उपांत्य सामन्यात चार डाव मिळून २,३७६ धावा झाल्या. निंबाळकरांची खेळी आजही भारतातील प्रथम श्रेणी क्रिकेटमधील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या आहे, आणि उपांत्य सामन्यातील एकूण धावा हा प्रथम श्रेणी क्रिकेटचा जागतिक विक्रम आहे.

पार्श्वभूमी

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. नवानगरचे रणजितसिंहजी यांच्या नावाचा हा करंडक पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंह यांनी दिला. पहिली दोन अजिंक्यपदे मुंबईने मिळवली. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षे करंडक जिंकला. चाळीसच्या दशकात बडोदा आणि होळकर या संस्थानी संघांनी स्पर्धेवर ठसा उमटवला. बडोद्याने १९४२-४३ आणि १९४६-४७ मध्ये, तर होळकर संघाने १९४५-४६ आणि १९४७-४८ मध्ये अजिंक्यपद पटकावले. १९४७-४८च्या अंतिम सामन्यात होळकर संघापुढे मुंबईलाच हार पत्करावी लागली होती. त्यामुळे १९४८-४९ मध्ये मुंबई गेलेला करंडक परत मिळवण्यासाठी उतरली होती.

त्याआधी मुंबईच्या प्रेक्षकांचे मुख्य आकर्षण पंचरंगी सामने हे होते. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि इतर अशा धर्माधारित संघांमध्ये होणाऱ्या त्या सामन्यांना वाढता विरोध झाला आणि १९४५-४६ नंतर ते कायमचे बंद पडले. प्रांत आणि संस्थाने यांच्या नावाने खेळली जाणारी रणजी स्पर्धा तेव्हापासून देशांतर्गत क्रिकेटच्या केंद्रस्थानी आली. खेळाडूची ओळख धर्मावरून न ठरता प्रदेशावरून ठरावी, हा बदल या काळात पक्का झाला.

राजकीय नकाशाही याच सुमारास बदलत होता. काठियावाडातील संस्थाने १९४८च्या आरंभी सौराष्ट्र संघात विलीन झाली होती, तरी क्रिकेटचा संघ अजून काठियावाड याच नावाने खेळत होता. कोल्हापूर आणि बडोदा ही संस्थाने १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले आणि त्यासोबत मराठवाडाही आला. संस्थानिकांच्या आश्रयावर उभे असलेले संघ या मोसमात आपल्या जुन्या व्यवस्थेच्या शेवटच्या टप्प्यावर होते.

संघ आणि प्रदेश

आजच्या महाराष्ट्र राज्यातील मराठी भाषक प्रदेश तेव्हा क्रिकेटच्या दृष्टीने अनेक संघांत विभागलेला होता. मुंबई शहर आणि परिसराचा संघ स्वतंत्र होता. पुणे हे महाराष्ट्र संघाचे केंद्र होते आणि पश्चिम महाराष्ट्रातील जिल्हे त्याच्या क्षेत्रात येत. अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, या क्षेत्रातला. याच जिल्ह्याच्या पूर्वेला हैदराबाद संस्थानाची हद्द सुरू होई, आणि तिथला संघ हैदराबादचा. विदर्भाचे खेळाडू मध्य प्रांत व वऱ्हाडच्या संघात असत. बडोदा आणि इंदूर येथील मराठी घराण्यांच्या संघांतही मराठी खेळाडूंचा भरणा असे. एक खेळाडू कारकिर्दीत तीन-चार संघांकडून खेळला, तर त्याचे कोणाला नवल वाटत नसे. निंबाळकर स्वतः बडोदा, होळकर, महाराष्ट्र, राजस्थान आणि रेल्वे अशा संघांकडून खेळले.

स्वरूप आणि नियम

स्पर्धेच्या आरंभापासून संघांची विभागवार रचना होती. प्रत्येक विभागात बाद पद्धतीने सामने होऊन विभागविजेते पुढे जात. या मोसमात मात्र ही चौकट पाळली गेली नाही. त्यामुळेच एरवी पश्चिम विभागात आधीच समोरासमोर आले असते असे मुंबई, महाराष्ट्र आणि बडोदा हे तिन्ही संघ स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत एकत्र पोचू शकले.

त्या काळी स्पर्धेतील महत्त्वाचे सामने निकाल लागेपर्यंत खेळवले जात. दिवसांची मर्यादा नसल्याने डाव लवकर घोषित करण्याचा दबाव कर्णधारावर नसे. त्यात खेळपट्ट्या फलंदाजांना अतिशय अनुकूल. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारताच्या दौऱ्यावर आला होता. त्याने दिल्लीच्या कसोटीत ६३१, तर मुंबईच्या कसोटीत ६ बाद ६२९ धावा उभारल्या. एव्हर्टन वीक्स यांनी कसोटीत लागोपाठ पाच डावांत शतके केली, त्यांपैकी चार या दौऱ्यातली. देशांतर्गत सामन्यांतील धावांचे डोंगर या परिस्थितीत पाहिले पाहिजेत. गोलंदाजांसाठी हा कष्टाचा काळ होता.

निंबाळकरांची नाबाद ४४३ धावांची खेळी

महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा सामना १६ डिसेंबर १९४८ रोजी पुण्यात सुरू झाला. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राचा पहिला गडी बाद झाल्यावर निंबाळकर आणि कमल भांडारकर यांची जोडी जमली. दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. १९३४च्या ओव्हल कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या पॉन्सफर्ड आणि ब्रॅडमन यांनी केलेल्या ४५१ धावांच्या भागीदारीला या जोडीने मागे टाकले. भांडारकर २०५ धावांवर बाद झाले, पण निंबाळकर खेळत राहिले.

तिसऱ्या दिवशी विश्रांतीसाठी खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३ होते. ४९४ मिनिटांच्या खेळीत त्यांनी ४९ चौकार आणि एक षटकार मारला होता. डॉन ब्रॅडमन यांनी जानेवारी १९३० मध्ये न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलंडविरुद्ध केलेल्या नाबाद ४५२ धावा हा तेव्हाचा जागतिक विक्रम होता. त्याची बरोबरी करायला ९ आणि तो मोडायला १० धावा पुरेशा होत्या.

काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला. महाराष्ट्राने डाव घोषित करावा, नाहीतर आपला संघ सामना सोडून जाईल, अशी त्यांची भूमिका होती. आणखी थोडी षटके टाकण्याची विनंतीही मान्य झाली नाही. अशा विक्रमाशी आपल्या संघाचे नाव जोडले जाऊ नये, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. काठियावाडने सामना सोडून दिला आणि महाराष्ट्र पुढच्या फेरीत गेला. विक्रमाच्या उंबरठ्यावर असलेल्या फलंदाजाला स्वतःच्या चुकीवाचून थांबावे लागले, ही क्रिकेटच्या इतिहासातील अत्यंत खेदाची गोष्ट आहे. धावा करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला बाद करून उत्तर देणे हा खेळाचा धर्म. मैदान सोडण्याने त्या धावा कमी झाल्या नाहीत, फक्त खेळी अपुरी राहिली.

निंबाळकरांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात झाला. हा सामना खेळताना ते नुकतेच २९ वर्षांचे झाले होते. एवढी मोठी खेळी करूनही त्यांना भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. कसोटी न खेळलेल्या फलंदाजाची ही सर्वोच्च खेळी आहे. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले.

मुंबई विरुद्ध महाराष्ट्र : उपांत्य सामना

मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना ५ ते ११ मार्च १९४९ असा सात दिवस पुण्यात चालला. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. यष्टिरक्षक-फलंदाज माधव मंत्री यांनी २००, विजय मर्चंट यांचे बंधू उदय मर्चंट यांनी १४३ आणि दत्तू फडकर यांनी १३१ धावांची खेळी केली. महाराष्ट्राने ४०७ धावांचे उत्तर दिले. त्यात मधुसूदन रेगे यांच्या १३३ धावा होत्या.

मुंबईकडे २४४ धावांची आघाडी होती, पण तिने महाराष्ट्राला लगेच पुन्हा फलंदाजीला पाचारण केले नाही. मुदत नसलेल्या सामन्यात गोलंदाजांना विश्रांती देऊन लक्ष्य आणखी दूर नेणे अधिक सुरक्षित होते. मुंबईने दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ धावा करून डाव घोषित केला. मर्चंट (१५६) आणि फडकर (१६०) या दोघांनी सामन्यातील आपले दुसरे शतक पूर्ण केले.

महाराष्ट्रापुढे विजयासाठी ९५९ धावांचे लक्ष्य होते. ते आवाक्याबाहेरचे असले, तरी महाराष्ट्राने हात टेकले नाहीत. रेगे यांनी दुसऱ्या डावातही १०० धावा केल्या आणि संघाने तब्बल ६०४ धावांपर्यंत मजल मारली. मुंबई ३५४ धावांनी विजयी झाली. चौथ्या डावात ६०४ धावा करून पराभूत होण्याची वेळ प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याआधी कोणत्याही संघावर आली नव्हती. महाराष्ट्राने दोन डावांत मिळून १,०११ धावा केल्या, त्याही पराभवाच्या बाजूने.

सामन्यात एकूण नऊ शतके झाली. मुंबईची पाच शतके मंत्री, मर्चंट आणि फडकर यांची. महाराष्ट्राच्या चारपैकी दोन रेगे यांची, एक शरद देवधर (१४६) यांचे आणि एक मनोहर दातार (१४३) यांचे. शरद देवधर हे दि. ब. देवधर यांचे चिरंजीव. एकाच सामन्यात तीन फलंदाजांनी दोन्ही डावांत शतके करण्याचा प्रसंगही याच सामन्यातला. ३८ गडी बाद होताना २,३७६ धावा झाल्या, म्हणजे दिवसाला सरासरी सुमारे ३४०. आधीचा विक्रमही रणजी स्पर्धेतला आणि मुंबईच्याच सामन्यातला होता: १९४४-४५च्या मुंबई-होळकर अंतिम सामन्यात २,०७८ धावा झाल्या होत्या.

या सामन्यातील खेळाडूंच्या कारकिर्दी वेगवेगळ्या वळणांनी गेल्या. कोल्हापूरचे फडकर तेव्हा कसोटी संघात स्थिरावले होते. सामन्याच्या महिनाभर आधी मुंबईच्या कसोटीत भारताने ३६१ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना ८ बाद ३५५ धावा केल्या, तेव्हा नाबाद राहिलेले फडकर होते. त्यांनी एकूण ३१ कसोटी सामने खेळले. रेगे यांना त्या मालिकेतील मद्रासची एकच कसोटी लाभली. नाशिकला जन्मलेले मंत्री पुढे चार कसोटी खेळले. सुनील गावसकर हे त्यांचे भाचे. उदय मर्चंट यांना मात्र एकाच सामन्यात दोन शतके झळकावूनही कसोटीचे दार उघडले नाही.

अंतिम सामना

अंतिम सामना मुंबईत मुंबई आणि बडोदा यांच्यात झाला. बडोदा हा विजय हजारे यांच्या काळातला बलाढ्य संघ होता. १९४६-४७च्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी करून होळकर संघाला नमवले, त्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती. मुंबईने मात्र पहिल्याच डावात ६२० धावा करून सामन्यावर पकड घेतली. के. सी. इब्राहिम यांनी २१९ धावांची खेळी केली. बडोद्याचा डाव २६८ धावांत संपला. मुंबईने दुसऱ्या डावात ३६१ धावांची भर घातली आणि बडोद्याला २४५ धावांत गुंडाळून ४६८ धावांनी विजय मिळवला.

परिणाम आणि महत्त्व

मुंबईचा हा विजय तिच्या दीर्घ वर्चस्वाची चाहूल ठरला. पुढच्या पाच वर्षांत तिने आणखी दोनदा करंडक जिंकला आणि १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात सलग पंधरा अजिंक्यपदे मिळवली. महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र १९४०-४१ नंतर करंडक आला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. १९७०-७१ मध्ये पुन्हा मुंबईनेच त्याला हरवले.

स्पर्धेची रचनाही बदलली. १९५७-५८ पासून विभागांत साखळी सामने सुरू झाले आणि सामन्यांना दिवसांची मर्यादा आली. त्यामुळे सात दिवस चालणारे आणि दोन हजारांपेक्षा अधिक धावांचे सामने जवळजवळ अशक्य झाले. निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावांना पुढे हनीफ महंमद (४९९, जानेवारी १९५९) आणि ब्रायन लारा (नाबाद ५०१, जून १९९४) यांनी मागे टाकले. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या सर्वोच्च खेळींत ती आज चौथी आहे, आणि भारतात दुसऱ्या कोणत्याही फलंदाजाने चारशे धावांचा टप्पा गाठलेला नाही.

खेळाडूंची ये-जा सर्वच संघांत पुढेही चालू राहिली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचे झहीर खान बडोदा आणि मुंबईकडून खेळले, तर संगमनेर तालुक्यात जन्मलेले अजिंक्य रहाणे मुंबईकडून.  १९४८-४९च्या मोसमातील निंबाळकरांची खेळी आणि पुण्याचा उपांत्य सामना हे दोन्ही विक्रम मराठी भूमीवर, महाराष्ट्र संघाच्या सामन्यांत घडले आणि पाऊण शतकानंतरही अबाधित आहेत.