तंबूमागचे इंजिन

आपल्याकडे चित्रपटाचा इतिहास लिहिला जातो तो पडद्याकडे तोंड करून. त्यामुळे त्यात दिग्दर्शक येतात, नटनट्या येतात, फार तर कॅमेरा येतो. तंबूच्या पाठीमागे अंधारात धडधडत उभे असलेले इंजिन मात्र कोणाच्या खिजगणतीत नसते. मराठवाड्यातील जत्रांचा विचार करू लागलो की मला वाटते, आपल्या खेड्यापाड्यांत बोलपट पोचला तो या इंजिनाच्या पाठीवर बसून. आणि ते न्यावे कसे, बसवावे कुठे, या प्रश्नानेच फिरत्या सिनेमाला त्याचे रूप दिले.

मूकपटाचे विजेवाचून अडत नसे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, त्या काळी प्रोजेक्टर हाताने फिरवता येई, आणि उजेडासाठी चुन्याच्या कांडीवर वायूची ज्योत सोडूनही भागे. सारा सरंजाम बैलगाडीत मावे. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि हा सुटसुटीतपणा संपला. बोलपटाची फीत सेकंदाला चोवीस चित्रे या एकाच गतीने धावली पाहिजे. हात जरा सैल पडला की सत्यवचनी हरिश्चंद्राचासुद्धा आवाज घोगरा व्हायचा. शिवाय तो आवाज तंबूभर पोचवायचा तर वीज हवीच. ‘टूरिंग टॉकीज’ या नावातील दुसऱ्या शब्दाने पहिल्या शब्दाच्या मानेवर असे हे लोखंडी जू ठेवले.

आणि वीज होती कुठे? मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले, आणि त्याच्या तारा आडगावांपर्यंत जायला पुढे कित्येक वर्षे लागली. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबादेतून बाहेर पडले की पैठणची नाथषष्ठी, खुलदाबादचा उरूस, वेरूळची महाशिवरात्र अशा ठिकाणी माणसांचा महापूर लोटे. दिवसा दर्शन झाले, रात्री करमणूक हवी. फिरत्या सिनेमाचा धंदा असा हौस आणि वीज यांच्यामधल्या अंतरावर जगत होता. जेवढे अंतर मोठे, तेवढा गल्ला मोठा.

वीज लागे ती तरी किती? प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या दोन कांड्यांना सत्तर व्होल्टांवर पन्नास अँपिअर द्यायचे म्हटले, तर साडेतीन हजार वॅट, म्हणजे पावणेपाच अश्वशक्ती, तिथेच खर्ची पडते. त्यावर आवाजाचे यंत्र, दाराशी दिवे, आणि वाटेत वाया जाणारे. दहा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन असले म्हणजे निभावे. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. विहिरीवर पाणी उपसणारे इंजिन शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले, ते त्यानंतर. जत्रेतले इंजिन हे त्याचेच भावंड. फरक इतकाच, की विहिरीवरच्या इंजिनाला सिमेंटचे जोते मिळे, याला दर आठवड्याला नवी माती.

हे अर्ध्या टनाचे धूड ट्रकमध्येच बोल्टांनी आवळून टाकावे, हा विचार पहिल्याने सुचतो. परंतु प्रोजेक्टरही बहुधा त्याच ट्रकमधून चाले, आणि तिथे गणित आडवे येते. फितीवरचे चित्र सुमारे बावीस मिलिमीटर रुंद, पडदा वीस फुटी; म्हणजे मोठेपणा पावणेतीनशे पट. इंजिनाच्या हादऱ्याने फीत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी हलली, की पडद्यावरची नायिका इंचभर थरथरते! तेव्हा इंजिन खाली उतरवणे भाग होते. फळ्यांची उतरंड, खाली गोल ओंडके, हाती पहारी, आणि चार माणसांचा एक सूर.

दुसरा उपाय चाकांवरच्या वेगळ्या गाड्याचा. लोखंडी चॅनेलच्या एकाच चौकटीवर इंजिन आणि डायनॅमो बसवायचे, म्हणजे खाचखळग्यांतून आले तरी दोघांची रेघ मोडत नाही. वजनाचा थोडा भार पुढे जोडाच्या बाजूला ठेवायचा. मागे झुकला तर गाडा रस्ताभर शेपटी हलवतो. मुक्कामी चाकांना दगड लावायचे, चौकटीखाली ठोकळे देऊन स्प्रिंगा मोकळ्या करायच्या, पाणसळ लावायची, धुराडे वाऱ्याच्या दिशेने वळवायचे.

उरला प्रश्न अंतराचा. कानांना वाटे इंजिन लांब न्यावे; तारेला वाटे जवळ असावे. कमी व्होल्टांचा मोठा प्रवाह लांब तारेतून नेला की वाटेतच गळतो आणि पडदा पिवळा पडतो. जाड तांब्याची तार घ्यावी, तर ती महाग. तंबू, ट्रक आणि इंजिन यांची मांडणी दर गावी या भांडणातून ठरे. गावकऱ्यांना मात्र ती धडधड गोडच वाटे. खेळ उभा राहिला, याची दवंडी तीच पिटत असे.

पुढे तारा आल्या. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले, मागोमाग व्हिडिओ आला. अंतर मिटले आणि धंदा आटला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील या फिरत्या तंबूंवर केलेला माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. तो पाहून जगाने हळहळ व्यक्त केली. ती हळहळ खोटी नव्हे. पण वीज नसलेल्या गावचे अंधारात काढलेले उरलेले दिवस तिच्यात कुठे येतात? जत्रेच्या चार रात्री लखलखाट, आणि वर्षभर रॉकेलची चिमणी. त्या चिमणीची काजळी विसरून तंबूचे कौतुक करणे मला जमत नाही.

तरीही एक देणे राहतेच. इंजिनाजवळ तेलाची झारी घेऊन बसणारा माणूस रोज रात्री सिनेमाला असे, आणि पडदा त्याला दिसत नसे. त्याचे लक्ष इंजिनाच्या ठोक्याकडे. ठोका चुकला तर हजार माणसांचे गाणे बिघडणार होते. आपल्या बोलपटाच्या इतिहासात त्याच्यासाठी एक ओळ तरी राखून ठेवायला हवी.