नत्र किती, हे सगळे विचारतात. कोणतं?

आजची गोष्ट खताची आहे. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. यात दोन शास्त्रज्ञांचं भांडण आहे, लंडनचे गॅसचे दिवे आहेत आणि 1856 साली सुरू होऊन आजही चालू असलेला एक प्रयोग आहे.

आधी भांडण. जर्मनीतला रसायनशास्त्रज्ञ लीबिग म्हणायचा, पिकाला फक्त खनिजं द्या, नत्र हवापाण्यातून पुरेसं मिळतं. इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेडचा जमीनदार जॉन लॉज आणि त्याचा सहकारी जोसेफ गिल्बर्ट यांना हे पटेना. 1843 मध्ये त्यांनी ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गहू पेरला. नुसत्या खनिजांवर गहू जेमतेम आला, नत्र दिलं तिथे तरारला. लीबिगचा हा मुद्दा चुकला होता.

पण नत्र द्यायचं कुठून? तेव्हाचे दोन पर्याय बघा. दिव्यांसाठी कोळशापासून गॅस काढताना मिळणारं अमोनियम सल्फेट आणि दक्षिण अमेरिकेच्या वाळवंटातून जहाजाने येणारं सोडियम नायट्रेट. दोन्हीत नत्रच. मग फरक काय पडणार?

लॉज-गिल्बर्टनी 1856 मध्ये एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाला वेगळं खत दिलं. दोन-तीन वर्षांतच असं दिसू लागलं, जणू प्रत्येक तुकड्यात वेगळं बी पेरलंय! नुसती खनिजं मिळाली तिथे क्लोव्हर फोफावलं. हे आपल्या बरसीमचं भावंडं, हवेतलं नत्र स्वतःच मिळवतं. नत्र मिळालं तिथे गवतं उंच झाली आणि क्लोव्हर मागे पडलं.

खरा धक्का मात्र सावकाश बसला. काहीच खत न दिलेल्या तुकड्यात आजही पस्तीस-चाळीस जातींच्या वनस्पती सापडतात. वर्षानुवर्षं भरपूर अमोनियम सल्फेट दिलं आणि चुना दिलाच नाही, तिथे उरल्या दोन-तीन. जमीन इतकी आम्ल झाली की गांडुळं गेली, वाळलेलं गवत कुजेना, त्याचा जाड थर साचला. सोडियम नायट्रेटच्या तुकड्यात असं काही झालं नाही.

कारण सोपं आहे. जमिनीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात, तेव्हा आम्ल तयार होतं. मुळं अमोनियम शोषतात तेव्हाही आम्ल सोडतात. नायट्रेट शोषताना नेमकं उलटं घडतं.

मग ब्रॉडबाल्कच्या गव्हाला हा त्रास का झाला नाही? कारण त्या शेतात पूर्वीच्या शेतकऱ्यांनी भरपूर खडू, म्हणजे चुनाच, टाकून ठेवला होता. जुनी पुण्याई कामी येत होती! वोबर्नच्या रेताड जमिनीत तसं काही नव्हतं. तिथे 1876 मध्ये गहू आणि बार्लीचे प्रयोग सुरू झाले आणि वीसेक वर्षांत अमोनियमच्या तुकड्यांतलं पीक बसलं. 1897 मध्ये चुना दिल्यावर ते पुन्हा उभं राहिलं.

हे प्रयोग बघणारा माणूस होता जॉन ऑगस्टस व्होल्कर. नाव ओळखीचं वाटतंय? 1889 मध्ये इंग्रज सरकारने भारतीय शेतीची पाहणी करायला पाठवलेला तोच हा. आपला शेतकरी अडाणी नाही, त्याला खत कमी पडतं आणि शेण चुलीत जातं, असं त्याने 1893 च्या अहवालात मांडलं होतं.

मला ही गोष्ट आजची वाटते ती युरियामुळे. युरियाचंही जमिनीत आधी अमोनियमच होतं. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींत चुनखडी असते, त्यामुळे त्या हा मार पचवतात. कोकणातली जांभ्याची जमीन मुळातच आम्ल, तिच्याकडे ही शिल्लक नाही. म्हणजे तेच पोतं दोन शेतांत दोन वेगळी कामं करतं. पीक पंधरा दिवसांत हिरवंगार होतं, फोटो छान येतो. जमिनीचा हिशेब मात्र वीस वर्षांनी हाती येतो, आणि तोवर शेत पुढच्या पिढीकडे गेलेलं असतं. म्हणून घरी शेती असेल तर माती परीक्षणाच्या कागदावर सामू किती लिहिलाय, तेवढं एकदा बघा.

चला, भेटू पुढच्या भागात!